वेस आणि जागल्या

मुलांनो,

गेल्या महिन्यात सातवीतल्या एका वाचकमित्राचं पत्र आलं. अक्षर जरा पळतं आहे, पण प्रश्न अगदी नेमका. तो लिहितो, 'बाई, बाबांनी घरी वापरलेला कॉम्प्युटर आणलाय. दुकानदारकाका म्हणाले, अँटिव्हायरस आणि फायरवॉल दोन्ही विकत घ्या, नाहीतर आठ दिवसांत मशीन बसेल. मामा म्हणतो, काही घेऊ नका, सगळं आतच असतं. आई म्हणते, फुकटातलं कुठलंतरी टाका. आम्ही कुणाचं ऐकायचं?'

पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि मग जरा वाईट वाटलं. कारण हेच तीन सल्ले मलाही एकदा मिळाले होते, आणि मी शहाणीनं तिन्ही एकदम ऐकले होते! त्यातून काय झालं, ते आधी सांगते. हे पान वाचून झालं की आई-बाबांच्या हातात द्या बरं का. यातलं निम्मं त्यांच्यासाठीच आहे.

२०१६ सालची गोष्ट. मी चौथीच्या वर्गाला शिकवत होते. परिसर अभ्यासात आम्ही एक उपक्रम घेतला होता. प्रत्येकानं आपल्या आजी-आजोबांना बोलतं करायचं आणि मी मोबाईलवर त्यांचा आवाज टिपून घ्यायचा. रविवारी सकाळी मी एकेका घरी जायची. कुणाच्या आजोबांनी मोटेनं पाणी कसं काढत ते सांगितलं. एका मुलाची आजी १९७२च्या दुष्काळाबद्दल बोलली. खडी फोडायला ती कशी जायची, लाल मिलोची भाकरी कशी लागायची, सुकडी घ्यायला पोरांची रांग कशी लागायची, सगळं. मधेच थांबून म्हणाली, "हे काय रेडिओवर लावणार हायेस का गं बाई?" तेही टेपमध्ये आलं. अशा एकोणीस जणांचं बोलणं जमलं.

माझ्या मोबाईलमध्ये जागा फारशी नव्हती. म्हणून सगळ्या फायली एका पेनड्राइव्हवर घेतल्या आणि मोबाईलमधून पुसून टाकल्या. तोच पेनड्राइव्ह घेऊन मी तालुक्याच्या गावी गेले, कारण मुलांच्या चित्रांची पुस्तिका छापायची होती. छपाईच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला तो लावला, काम झालं, घरी आले. घरच्या कॉम्प्युटरला लावते तर काय! फोल्डर गायब. त्या जागी त्याच नावाचा एक शॉर्टकट, म्हणजे कोपऱ्यात छोटा बाण असलेलं चित्र. मी त्यावर टिचकी मारली. फायली उघडल्या, म्हणून जीव भांड्यात पडला. पण दोन दिवसांत घरचा कॉम्प्युटरही गोगलगाय झाला, आणि जो पेनड्राइव्ह लावावा त्याचे शॉर्टकट होऊ लागले.

आता गंमत बघा. माझ्या कॉम्प्युटरवर तेव्हा एक नाही, दोन नाही, तीन अँटिव्हायरस होते. एक मुदत संपलेला. दुसरा कुणीतरी 'कॉपी करून' दिलेला, म्हणजे सरळ भाषेत चोरीचा. तिसरा मी घाबरून त्याच आठवड्यात उतरवून घेतलेला. तिघंही एकमेकांच्या पायांत पाय घालत होते आणि चोर मात्र ओसरीवर बसला होता.

शेवटी एका ओळखीच्या जाणकारांना बोलावलं. ते म्हणाले, "व्हायरस आहे, सगळं साफ करावं लागेल." त्यांनी कॉम्प्युटर आणि पेनड्राइव्ह दोन्ही फॉरमॅट केले. मी पैसे दिले, चहा दिला, वर आभारही मानले. त्या रिकाम्या पेनड्राइव्हवर मी नंतर प्रशिक्षणाचे व्हिडिओ भरून टाकले.

बऱ्याच महिन्यांनी मला कळलं की त्या 'शॉर्टकट व्हायरस'नं फायली पुसलेल्याच नव्हत्या. त्या नुसत्या दडवल्या होत्या! घरात वस्तू पांघरुणाखाली ठेवावी तशा. आधी व्हायरस काढायचा आणि मग 'दडवलेल्या फायली दाखवा' एवढी सूचना द्यायची, की सगळं जागच्या जागी दिसलं असतं. आवाज घालवले ते व्हायरसनं नाहीत. ते आम्ही घालवले, घाईनं आणि भीतीनं.

म्हणून आज जे सांगणार आहे, ते आधी 'कोणता घ्यावा' असं नाही सांगणार. आधी हे दोघं करतात काय, ते पाहू. काम समजलं की निवड सोपी होते.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या गावाला जुनी वेस असेल. दगडी कमान, कुठं कुठं मोठाले दरवाजेही. माझे आजोबा सांगायचे, पूर्वी रात्री वेस बंद होई. बाहेरून कुणी आलं तर आधी हाक, 'कोण आहे? कुणाकडं जायचंय?' आणि गावाच्या आत रात्रभर जागल्या फिरायचा. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. कुणाच्या अंगणात अनोळखी हालचाल दिसली की तो हटकायचा.

फायरवॉल म्हणजे वेस. अँटिव्हायरस म्हणजे जागल्या. दोघांची कामं वेगळी आहेत, म्हणून एक असला की दुसरा नको असं होत नाही.

कॉम्प्युटर नेटला जोडला की त्याला हजारो दारं फुटतात. त्यांना पोर्ट म्हणतात आणि त्यांना क्रमांक असतात, थेट ६५,५३५ पर्यंत! आपण एखादं संकेतस्थळ उघडतो तेव्हा बोलावणं आपण केलेलं असतं. ते उत्तर आत येऊ द्यायचं. पण बोलावलं नसताना बाहेरून कुणी एखादं दार ढकलू लागलं, तर फायरवॉल ते अडवते. पेनड्राइव्हमधून खिशातून आलेला चोर मात्र तिला दिसत नाही. तो वेशीतून आलेलाच नाही ना! त्याला पकडायचं काम जागल्याचं.

जागल्या चोर ओळखतो कसा? पोलीस ठाण्यात फोटो लावलेले असतात ना, तसं अँटिव्हायरसकडे आजवर सापडलेल्या व्हायरसांच्या खुणांचं एक भलंमोठं बाड असतं. प्रत्येक फाईल उघडताना तो त्या खुणांशी ताडून पाहतो. पण नवा चोर आला, ज्याचा फोटोच नाही, तर? मग तो वागणं पाहतो. हा नवखा प्रोग्रॅम एका मिनिटात शेकडो फायली का बदलतोय? स्वतःची नक्कल दुसऱ्या ठिकाणी का करतोय? संशय आला की अडवतो. कधी कधी साध्या माणसालाही धरतो, ते चालायचंच.

या फोटोंच्या बाडात रोज नवी पानं पडतात. म्हणून मुदत संपलेला अँटिव्हायरस म्हणजे जुने फोटो घेऊन फिरणारा जागल्या. असून नसल्यासारखा. उलट तो आहे म्हणून आपण निर्धास्त झोपतो, हे आणखी वाईट. माझा पहिला तसाच होता.

हे व्हायरसांचं प्रकरण सुरू कुठं झालं ठाऊक आहे? आपण घरी वापरतो तशा कॉम्प्युटरांत फिरलेला पहिला मोठा व्हायरस १९८६ सालचा, नाव 'ब्रेन'. लाहोरच्या बासित आणि अमजद फारुक अल्वी या दोघा भावांनी तो लिहिला. आपला प्रोग्रॅम लोक चोरून नकलतात याचा त्यांना राग होता म्हणे. त्यांनी त्या व्हायरसमध्ये स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता! चोरानं भिंतीवर आपला पत्ता लिहून जावं तसं. तेव्हा नेट घरोघरी नव्हतंच. तो फ्लॉपीवरून पसरला. फ्लॉपी म्हणजे तुमच्या पेनड्राइव्हची पणजी.

आणि दोन भावांचीच एक गोष्ट आपल्याकडचीही आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करायचे. शिक्षण दहावीपर्यंत. पुढे ते कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले, तेव्हा दुकानात येणाऱ्या कितीतरी मशीनमध्ये बिघाड कसला, तर व्हायरसचा! धाकटे भाऊ संजय तेव्हा कॉम्प्युटर शिकत होते. त्यांनी एकेका व्हायरसवर उतारा म्हणून छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच १९९०च्या दशकात 'क्विक हील' हा अँटिव्हायरस उभा राहिला, आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारातही आली. एका भावाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर, दुसऱ्याच्या हातात कीबोर्ड. (ही जाहिरात नव्हे हं. गोष्ट आवडते म्हणून सांगितली.)

आता वेशीची गोष्ट. २००३च्या ऑगस्टमध्ये 'ब्लास्टर' नावाचा एक किडा जगभर पसरला. त्याला ना पेनड्राइव्ह लागे ना टिचकी. कॉम्प्युटर नेटला जोडला आणि विंडोजची दुरुस्ती केलेली नसली, की तो आपणहून आत यायचा. पुष्कळांच्या पडद्यावर एक चौकट यायची, साठ सेकंदांची उलटी मोजणी, आणि मशीन बंद होऊन पुन्हा सुरू. लोक रडकुंडीला आले. खरी मेख पुढेच आहे. त्या वेळच्या विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती! पण ती मुळात बंद ठेवलेली असे. वेस बांधलेली, दरवाजे सताड उघडे. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टनं एक मोठी सुधारणा आणली आणि तेव्हापासून फायरवॉल आपोआप सुरू राहू लागली.

म्हणजे मामाचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे, दोस्ता. विंडोजमध्ये वेस आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, जागल्याही आतच येतो. त्याचं नाव डिफेंडर. वेगळे पैसे नाहीत, मुदत नाही. सुरुवातीच्या काळात त्याला लोक नावं ठेवायचे, आणि त्यात तथ्य होतं. पण गेल्या काही वर्षांत तो चांगला तयार झाला आहे. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज अशा दोन संस्था सगळ्या अँटिव्हायरसांची परीक्षा घेतात आणि निकाल नेटवर कुणालाही पाहता येतात. परीक्षा घेणारा वेगळा आणि माल विकणारा वेगळा, म्हणून त्यावर मी जास्त विश्वास ठेवते. जाहिरातीत प्रत्येकजण पहिलाच येतो, आपल्या गॅदरिंगमध्ये येतात तसे!

माझं मत विचाराल तर, ज्या घरात एकच कॉम्प्युटर आहे, त्यावर अभ्यास, थोडे खेळ आणि बाबांची बिलं भरणं एवढंच होतं, आणि विंडोज नवी आहे, तिथं आतलाच जागल्या पुरे. फक्त तो जागा आहे का, हे पाहायचं. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' असं टाईप करा. व्हायरस आणि फायरवॉल दोन्हींपुढे हिरवी खूण दिसली पाहिजे. पिवळी किंवा लाल दिसली तर काय हवंय ते तिथंच लिहिलेलं असतं. हे काम पाचवीतलं मूलही करू शकतं. माझ्या वर्गातल्या मुली करतात.

मग विकतचा कुणी घ्यावा? ज्यांच्या घरी दुकानाचा हिशोब त्याच मशीनवर आहे, चार जणांचे पेनड्राइव्ह सतत येतात-जातात, किंवा अडचण आली तर मराठी-हिंदीत फोनवर कुणी समजावून सांगावं असं वाटतं, त्यांनी जरूर घ्यावा. पालकहो, घेताना दोन-चार गोष्टी बघा. पहिल्या वर्षाची किंमत आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाची किंमत एकच आहे का? कित्येकदा पहिलं वर्ष स्वस्त आणि पुढचं महाग असतं. पैसे आपोआप कापायची खूण आधीच केलेली नाही ना? किती मशीनसाठी आहे? आणि तुमचा कॉम्प्युटर जुना असेल, तर महिनाभराचा मोफत नमुना वापरून पाहा. काही जागल्ये इतके जाडजूड असतात की त्यांना सांभाळण्यातच मशीन दमून जातं. वेगळी फायरवॉल विकत घ्यायची गरज मात्र मला घरासाठी दिसत नाही. असलेली चालू ठेवा, एवढंच.

एका वेळी एकच अँटिव्हायरस, हे मात्र पक्कं. दोघं एकाच फाईलवर एकदम झडप घालतात आणि एकमेकांनाच चोर समजतात. तुम्ही दुसरा टाकलात की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. तो शहाणा आहे, माझ्यासारखा नाही. आणि कॉपी केलेला, 'क्रॅक' केलेला अँटिव्हायरस? अहो, चोराकडून कुलूप विकत घेण्यासारखंच ते! कुलपाबरोबर त्यानं दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवली नसेल कशावरून?

आणखी एक. हा जागल्या कॉम्प्युटरच्या अगदी देवघरापर्यंत जाऊ शकतो, कारण त्याशिवाय त्याला काम करता येत नाही. म्हणून ओळख नसलेला कुणीही ठेवायचा नाही. १९ जुलै २०२४ ला काय झालं आठवतं? क्राऊडस्ट्राईक या मोठ्या कंपनीनं आपल्या सुरक्षा प्रोग्रॅमला एक चुकीचं अपडेट पाठवलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवत बसले. आपल्याकडेही काही विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तिथं चोर नव्हताच. जागल्याच दारात अडखळून पडला होता! तो घरगुती नव्हे, मोठ्या कंपन्यांसाठीचा प्रोग्रॅम होता. पण नामांकित कंपनीचं असं होतं, तर एखाद्या चौकटीतून टपकलेल्या अनोळखी 'सुपर क्लीनर'ला आपण घरात का घ्यावं?

आता विंडोजच्या दुरुस्तीबद्दल. अपडेट आलं की तुम्ही 'नंतर' दाबता ना? मला माहीत आहे, मीही दाबायची. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं जगभर लाखो कॉम्प्युटरांमधल्या फायलींना कुलूप घातलं आणि किल्लीसाठी पैसे मागितले. इंग्लंडमध्ये रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भगदाडातून तो आत शिरला, ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच निघालं होतं. जवळजवळ दोन महिने आधी! भिंतीला भोक असेल तर वेशीला कितीही मोठं कुलूप लावा, उपयोग काय?

तुम्हा मोठ्या मुलांशी आता जरा वेगळं बोलायचंय. आठवी-नववीतल्या. खेळ फुकट मिळावा, त्यात जास्त नाणी मिळावीत म्हणून तुम्ही काय काय उतरवून घेता, ते आई-बाबांना कळत नसेल, मला कळतं. अशा फाईलबरोबर बहुतेक वेळा एक सूचना असते, 'चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा.' ही सूचना मोठ्यानं वाचून बघा. 'घरात येण्याआधी जागल्याला झोपवा' असं कुणी दारात उभं राहून म्हणालं, तर तुम्ही दार उघडाल? तिथं जगातला सगळ्यात महाग अँटिव्हायरससुद्धा हरतो, कारण त्याला बंद करणारा हात घरातलाच असतो.

फायरवॉलही कधी कधी विचारते, बरं का. एखादा नवा प्रोग्रॅम सुरू केला की ती चौकट दाखवते, याला बाहेरून येणारं बोलणं ऐकू द्यायचं का? आपण न वाचताच 'परवानगी' दाबतो, कारण चौकट मधे येते. थांबा. नाव वाचा. मित्रांशी नेटवर खेळायचा खेळ आत्ताच तुम्ही स्वतः सुरू केला असेल, तर ठीक. पण काहीच सुरू केलं नसताना भलत्याच नावाचा प्रोग्रॅम परवानगी मागत असेल, तर 'रद्द' दाबा आणि मोठ्यांना दाखवा. रद्द केल्यानं काही बिघडत नाही. पुढे खरंच गरज पडली तर परवानगी नंतरही देता येते. आणि स्टेशनवर, हॉटेलात वगैरे वाय-फायला जोडताना 'पब्लिक' निवडायचं. म्हणजे वेस जास्त घट्ट लागते.

खऱ्या चौकटीसारख्या खोट्या चौकटीही असतात. हे सगळ्यात महत्त्वाचं, आजी-आजोबांनाही वाचून दाखवा. नेटवर काहीतरी पाहत असताना एकदम पडदाभर लाल चौकट येते, भोंगा वाजतो, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा.' फोन केला की पलीकडचा गोड बोलून कॉम्प्युटरचा ताबा मागतो, मग पैसे मागतो, मग बँकेचे तपशील. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एवढं एक लक्षात ठेवलं तरी घर वाचेल. चौकट बंद होत नसेल तर ब्राउझर बंद करा, नाहीच जमलं तर सरळ मशीन बंद करा. आणि कुणी फसलंच, पैसे गेलेच, तर लपवू नका. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. घरात रागावतील म्हणून मुलं गप्प बसतात आणि तेवढ्या वेळात पैसे पुढच्या खात्यात पळतात. पालकहो, आधी फोन, रागवायचं नंतर.

संशय आला आणि हाताशी काही नसेल, तर भारत सरकारचं 'सायबर स्वच्छता केंद्र' आहे. २०१७ पासून ते व्हायरस शोधून काढणारी साधनं मोफत देतं. पेनड्राइव्ह बाहेरून आला की तो लगेच उघडायचा नाही. त्यावर उजवी टिचकी मारून आधी तपासून घ्यायचा. दहा सेकंदांचं काम.

आता त्या आवाजांकडे येते.

पुढच्या वर्षी, तो मुलगा पाचवीत गेल्यावर, एक दिवस मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. त्या दुष्काळ सांगणाऱ्या आजीचा नातू. दारात उभा राहून म्हणाला, "बाई, आजी गेली आमची. तिचा आवाज आहे ना तुमच्याकडं? बाबांना ऐकायचाय."

मी काय सांगणार? व्हायरस लागला, असं सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि गेला. ते अर्धंच खरं होतं, हे मला त्याच दिवशी कळत होतं.

फायरवॉल चांगली असती तरी तो पेनड्राइव्ह आत आलाच असता. चांगला जागल्या असता तर घरचं मशीन वाचलं असतं. पण छपाईच्या दुकानात जे व्हायचं ते झालंच असतं. त्या एकोणीस फायली तिसऱ्याच गोष्टीनं वाचल्या असत्या, ती म्हणजे दुसरी प्रत. मोबाईलमधून पुसण्याआधी एक नक्कल कॉम्प्युटरवर आणि एक आणखी कुठंतरी, बस्स. ही गोष्ट कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही, म्हणून दुकानदारकाका ती सांगायची विसरतात.

२०१८ मध्ये आम्ही तो उपक्रम पुन्हा केला. एकोणीसपैकी चौदा जण भेटले. दोघांना पहिल्यासारखं आठवेना. या वेळी फायली तीन ठिकाणी ठेवल्या. शाळेच्या कॉम्प्युटरवर, नेटवरच्या एका खात्यात, आणि एका वेगळ्या डिस्कवर. ती डिस्क एरवी कशालाच जोडलेली नसते, माझ्या कपाटात साड्यांखाली असते. खंडणीखोर प्रोग्रॅमही न जोडलेल्या डिस्कपर्यंत पोचू शकत नाही. त्या नातवाच्या वडिलांनाही मी बोलतं केलं. आईबद्दल, तिच्या खडी फोडण्याबद्दल त्यांना जे आठवत होतं ते त्यांनी सांगितलं. त्या फाईलची एक प्रत त्यांच्या मोबाईलमध्येही दिली आहे.

तर पत्र लिहिणाऱ्या दोस्ता, तुझ्या घरी असं कर. आईला सांग, कुठलंतरी नको. दुकानदारकाकांना एकच प्रश्न विचार, या मशीनमध्ये विंडोज कितवी आहे आणि ती अस्सल आहे का? विंडोज १० असेल, तर तिचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत. मशीनला झेपत असेल तर ११ टाकून घ्यायला सांग, आणि झेपत नसेल तर पुढे काय, ते बाबांनी त्यांच्याकडूनच समजून घ्यावं. अँटिव्हायरसचे पैसे त्याच्यानंतर. मामाला म्हणावं, तू बरोबर होतास, पण हिरवी खूण पाहायला तू स्वतः ये. आणि घरात जुने फोटो, बारशाचे, लग्नाचे, कुठं एकाच पेनड्राइव्हवर असतील, तर ते आधी दुसरीकडे उतरव. मशीन चालू करण्याच्याही आधी जमलं तर उत्तम.

विंडोज कितवी निघाली, ते पुढच्या पत्रात कळव.

तुमची,
बाई